आमेन म्हणण्याआधी

पालकहो,

रविवारी उपासना सुटली की प्रत्येकाला घरी जायची घाई असते. दारातल्या चार शब्दांत मनातलं बोलणं होत नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे.

आमच्या संडे स्कूलमधला नऊ वर्षांचा एक मुलगा गेल्या पावसाळ्यापासून प्रार्थनेला डोळे मिटत नाही. आजोबा दवाखान्यात होते तेव्हा तो रोज रात्री गुडघे टेकायचा. आजोबा गेले. घरातलं कुणीतरी त्याला म्हणालं, ‘तुझा विश्वास कमी पडला असेल.’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पोराने त्याचा सरळ अर्थ लावला: आजोबा माझ्यामुळे गेले.

हे वाक्य घरात उच्चारू नका. हात जोडून सांगते.

तुम्ही म्हणाल, मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाचं प्रभूनेच सांगितलं आहे ना? सांगितलं आहे. मत्तयाच्या सतराव्या अध्यायात शिष्यांना एका मुलाला बरं करता आलं नाही, तेव्हा त्याने त्यांच्या अल्पविश्वासावर बोट ठेवलं. पण ते शिष्य त्याच्याबरोबर गावोगाव हिंडलेली मोठी माणसं होती. त्या आजारी लेकराला त्याने बोल लावला नाही. हीच हकिगत मार्क सांगतो, तेव्हा त्यात मुलाचा बाप बोलतो. आपला विश्वासही कबूल करतो आणि अविश्वासही, आणि त्या अविश्वासासाठीच मदत मागतो. प्रभूने त्याला ‘आधी शंका फेडून ये’ असं सांगून परत पाठवलं नाही. मुलगा बरा झाला.

आणि गेथशेमाने बाग आठवा. प्याला टळावा म्हणून प्रभूने स्वतः विनवणी केली, मत्तय सांगतो तशी तीनदा. प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायला आपली जीभ उचलेल का? मग लेकराच्या बाबतीत ती इतकी सहज का उचलते?

मला वाटतं, विश्वास म्हणजे परीक्षेतले गुण अशी आपली समजूत झाली आहे. पुरेसे मिळाले की मागितलेलं मिळणार! पवित्र शास्त्रातला शब्द तसा नाही. आपण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’ म्हणतो. त्या हिब्रू शब्दाच्या मुळात अर्थ आहे पक्कं असणं, भार पेलणं. त्याच मुळातून ‘एमुना’ हा शब्द आला, म्हणजे विश्वास, निष्ठा. निर्गमच्या सतराव्या अध्यायात अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे उंचावलेले हात दुखून खाली येऊ लागतात. मग त्याला धोंड्यावर बसवून अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. त्या स्थिरपणाला तिथे ‘एमुना’ हाच शब्द वापरलेला आहे. हात मोशेचे, बळ मात्र दुसऱ्यांचं! मी ते पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा पुस्तक मिटून किती वेळ नुसती बसून राहिले होते.

त्याच मुळातून मूल सांभाळणाऱ्यासाठीही शब्द येतो. पोरक्या एस्तेरला वाढवणाऱ्या मर्दखयासाठी तो आला आहे, आणि रूथचं बाळ उराशी धरणाऱ्या नामीसाठीही. तुम्ही रोज घरात जे करता, त्याचं आणि विश्वासाचं मूळ एकच.

मुलाने अमुक वयात साक्ष द्यावी, मंडळीत सामील व्हावं, अशी घाई करणाऱ्यांना मी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करून देते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला पाच वर्षांनी, मनाने स्वतःहून कौल दिल्यावर. या दोघांची कमाई आपली मराठी मंडळी आजही खाते आहे. त्या पाच वर्षांत काही वाया गेलं का?

त्या मुलाच्या वडिलांशी मी बोलले. मागच्या आठवड्यात ते रात्री त्याच्या अंथरुणावर जाऊन बसले. म्हणाले, ‘बाळा, आजोबा तुझ्यामुळे गेले नाहीत. का गेले, ते मलाही कळत नाही.’ बऱ्याच वेळाने मुलाने विचारलं, ‘पप्पा, मग तुम्ही प्रार्थना का करता?’ त्यांना उत्तर सुचलं नाही. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि प्रभूची प्रार्थना हळू आवाजात म्हटली. आमेन ते एकटेच म्हणाले. मुलाने हात काढून घेतला नव्हता.