झाडू कोणाच्या हाती? – जपानचा एक धडा

परदेशी जाऊन आलेली मंडळी तेथील स्वच्छ रस्त्यांचे कौतुक करतात आणि शेवटी म्हणतात, "त्या लोकांच्या रक्तातच शिस्त आहे!" हे म्हणणे आम्हांस पटत नाही. स्वच्छता रक्तातून येत नाही. ती शिकवावी लागते आणि तिची व्यवस्था लावावी लागते. या दृष्टीने जपानचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

महायुद्धानंतर जपानमध्ये कारखाने वाढले, तशी घाणही वाढली. मिनामाता येथील कारखान्याच्या पाऱ्यामुळे झालेली विषबाधा १९५६ मध्ये उघडकीस आली. टोकियोचा बहुतेक कचरा कोतो या एकाच विभागात टाकला जाई. तेथील रहिवाशांनी त्यास विरोध केला. १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर मिनोबे यांनी 'कचऱ्याविरुद्ध युद्ध' पुकारले, आणि ज्या विभागाचा कचरा त्यानेच निस्तरावा, हे तत्त्व पुढे आले. म्हणजे आजची स्वच्छता ही प्रयत्नाने मिळवलेली आहे.

शाळेत : जपानी शाळेत मुले रोज पंधरा-वीस मिनिटे वर्ग, जिने व व्हरांडे स्वतः झाडतात, पुसतात, अनेक शाळांत स्वच्छतागृहेही धुतात. कामाच्या पाळ्या लावलेल्या असतात. डॉक्टराचा मुलगा असो की हमालाचा, पाळी कोणालाच चुकत नाही. दुपारचे जेवणही मुलेच पांढरे झगे घालून एकमेकांना वाढतात. इजिप्तने २०१८ पासून याच धर्तीवर काही शाळा सुरू केल्या आहेत.

घरी : जळणारा कचरा, न जळणारा कचरा, बाटल्या, डबे असे प्रकार वेगळे करून ठरलेल्या दिवशी सकाळीच ठेवावे लागतात. कामिकात्सू या छोट्या गावात तर कचऱ्याचे चाळीसहून अधिक प्रकार केले जातात.

बाहेर : १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला. त्यानंतर अनेक सार्वजनिक ठिकाणच्या कचरापेट्या काढण्यात आल्या. लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेऊ लागले. २०१८ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत बेल्जियमकडून हरल्यावरही जपानी प्रेक्षकांनी आपल्या बसण्याची जागा झाडून मगच मैदान सोडले.

जपानी समाज निर्दोष आहे असे मात्र नव्हे. मेलेल्या जनावरांचे व चामड्याचे काम करणाऱ्यांना तेथेही शतकानुशतके अपवित्र ठरवून वेगळे ठेवले होते. १८७१ च्या फर्मानाने तो भेद कायद्याने संपला, तरी पूर्वग्रह पुरते गेले नाहीत. परंतु ज्या मुलाने स्वतः फरशी पुसली आहे, त्याला फरशी पुसणाऱ्यास हलके समजणे कठीण जाते. आमच्या मते या शिक्षणाचे खरे मोल येथेच आहे.

आपल्या देशात घाण करणारा एक आणि ती उचलणारा दुसरा, अशी जन्मावरून वाटणी झाली. कामाबरोबर माणसांचीही कायमची वाटणी कशी झाली, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात दाखवून दिले. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ व २०१३ मध्ये कायदे झाले. तरीही गटारात उतरलेली माणसे आजही गुदमरून मरतात. म्हणून आपल्याकडे स्वच्छतेचा प्रश्न हा केवळ केरकचऱ्याचा नाही. तो माणसाच्या प्रतिष्ठेचा आहे.

विद्यार्थी मित्रहो, यातून आपण एवढे तरी शिकू या :

१. आपले ताट, आपली खोली, आपले स्वच्छतागृह स्वतः साफ करावे. हे काम घरात एकट्या आईवर किंवा बहिणीवर टाकू नये.

२. ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा. फुटलेली काच वेगळी गुंडाळावी, कारण ती कोणाच्या तरी हाताला लागणार असते.

३. सभा-समारंभ संपल्यावर मैदान आपणच झाडावे. त्यात व्यासपीठावरच्या मंडळींनीही हात लावावा.

झाडू सर्वांच्या हाती आला, तरच तो कोणा एका जातीच्या कपाळी राहणार नाही.