घटक ४ : रेंजफाइंडर कॅमेऱ्याची प्रमाण लेन्स आणि छायापत्रकाराचे अंतर

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास
• प्रमाण लेन्स ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• रेंजफाइंडर कॅमेऱ्याची लेन्स आटोपशीर का असावी लागते, हे सांगता येईल.
• एल्मार ते अ‍ॅपो-सुमिक्रॉन या प्रवासातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• लेन्सची निवड आणि छायाचित्रित व्यक्तीशी असलेले नाते यांचा संबंध तपासता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, रिपोर्ताज लिहिणारा लेखक आपल्या विषयापासून किती अंतरावर उभा असतो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासात आपण लाक्षणिक अर्थाने विचारतो. छायापत्रकाराला तो अगदी शब्दशः, मीटरमध्ये सोडवावा लागतो.

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर, म्हणजे जुने वाढोणा, येथे महाशिवरात्रीच्या सुमारास श्री परमेश्वराची यात्रा भरते. तेथे मंदिराबाहेर विसावलेल्या एका वृद्धेचे छायाचित्र आपणास घ्यायचे आहे, असे समजू. ते बारा मीटरवरून तिच्या नकळत घेता येईल. किंवा तीन मीटरवर जाऊन, तिला दिसेल असे उभे राहूनही घेता येईल. दोन्ही चित्रांत तिची आकृती सारख्याच आकाराची येऊ शकते. तरीही ती दोन चित्रे एकच गोष्ट सांगत नाहीत. ती का सांगत नाहीत, हे समजून घेणे हा या घटकाचा गाभा आहे.

प्रथम एक संज्ञाभेद लक्षात घ्यावा. काचेच्या एका घडवलेल्या तुकड्यास येथे 'भिंग' म्हटले आहे, तर अनेक भिंगे नळीत बसवून तयार झालेल्या पूर्ण साधनास 'लेन्स' म्हटले आहे.

४.२ प्रमाण लेन्स म्हणजे काय?

३५ मि.मी. फिल्मवरील चित्रचौकट २४ × ३६ मि.मी. असते. तिचा कर्ण सुमारे ४३ मि.मी. भरतो. ज्या लेन्सचे नाभीय अंतर या कर्णाच्या जवळपास असते, तिला प्रमाण लेन्स म्हणतात. व्यवहारात ५० मि.मी. ही लेन्स प्रमाण म्हणून रूढ झाली.

तिची व्याप्ती साध्या गुणोत्तराने काढता येते. चौकटीची बाजू भागिले नाभीय अंतर, गुणिले विषयाचे अंतर, असा हिशेब करावा. तीन मीटरवर ५० मि.मी. लेन्सच्या चौकटीत २.१६ मीटर रुंद आणि १.४४ मीटर उंच एवढा भाग मावतो. बसलेली व्यक्ती आणि तिच्या भोवतीची थोडी जागा त्यात येते. कॅमेरा उभा धरला तर उभी व्यक्ती डोक्यापासून पायांपर्यंत मावते. हे अंतर सहज बोलण्याचे आहे. आवाज न चढवता विचारपूस करता येईल एवढेच.

आता २०० मि.मी. लेन्स घेऊन बारा मीटरवर जावे. मावणारा भाग तेवढाच राहतो, परंतु पार्श्वभूमी बदलते. वृद्धेच्या मागे तीन मीटरवर तिच्याएवढीच दुसरी व्यक्ती बसली आहे, असे धरू. पहिल्या चित्रात ती व्यक्ती वृद्धेच्या निम्म्या आकाराची दिसेल. दुसऱ्यात ती चार पंचमांश आकाराची दिसेल. म्हणजे दुरून घेतलेल्या चित्रात मागची माणसे पुढे सरकल्यासारखी वाटतात आणि गर्दी दाटते. लक्षात ठेवावे की हा परिणाम लेन्सचा नसून अंतराचा आहे. लेन्स फक्त त्या अंतरावर उभे राहण्याची मुभा देते.

४.३ रेंजफाइंडरची रचना आणि आटोपशीरपणाची गरज

एकभिंगी प्रतिवर्ती, म्हणजे एसएलआर, कॅमेऱ्यात आपण आरशाच्या साहाय्याने प्रत्यक्ष लेन्समधून पाहतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात तसे नसते. तेथे पाहण्यासाठी वेगळी खिडकी असते आणि तिच्यापासून काही सेंटिमीटरवर दुसरी लहान खिडकी असते. दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा दर्शकात एकावर एक पडतात. लेन्सची कडी फिरवताच त्यांतील एक प्रतिमा सरकते आणि दोन्ही तंतोतंत जुळल्या की नाभीयन साधले, असे समजते.

या रचनेतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, आरसा नसल्यामुळे लेन्सचा मागील भाग फिल्मच्या बराच जवळ आणता येतो आणि रचनाकाराला लेन्स लहान ठेवण्यास वाव मिळतो. दुसरी, लेन्स जाड वा लांब असेल तर ती दर्शकाच्या खिडकीसमोर येऊन दृश्याचा कोपरा झाकते. म्हणून तिचे लहानपण ही सोय नसून आवश्यकता ठरते. तिसरी, चित्र टिपताना आरसा उचलला जात नाही. त्यामुळे आवाज कमी होतो आणि नेमक्या त्या क्षणी छायाचित्रकाराच्या डोळ्यांसमोर अंधार येत नाही.

४.४ एल्मार ते अ‍ॅपो-सुमिक्रॉन

जर्मनीतील वेत्स्लार येथील एर्न्स्ट लाइत्स कंपनीत ऑस्कर बारनाक यांनी चित्रपटाच्या फिल्मवर चालणारा लहान कॅमेरा घडवला. तो 'लायका' या नावाने १९२५ मध्ये बाजारात आला. माक्स बेरेक यांनी त्यासाठी रचलेल्या ५० मि.मी. लेन्सचे 'एल्मार' हे रूप पुढे प्रसिद्ध झाले. तीन गटांत चार भिंगे आणि एफ/३.५ एवढे कमाल छिद्र, अशी तिची रचना होती. काम झाल्यावर ती कॅमेऱ्यात आत ढकलून ठेवता येई. पहिल्या लायकात अंतर जुळवणारा रेंजफाइंडर नव्हता. लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर १९३२ च्या 'लायका २' मध्ये आला.

छिद्र मोठे करणे हे पुढचे आव्हान होते. १९५३ च्या ५० मि.मी. सुमिक्रॉनचे कमाल छिद्र एफ/२ होते. एफ/३.५ च्या तुलनेत एफ/२ तिप्पट प्रकाश आत घेते. एल्मारला १/२० सेकंद लागत असेल तेथे सुमिक्रॉनला १/६० सेकंद पुरतो. ५० मि.मी. लेन्स हातात धरून स्थिर चित्र मिळण्याची सीमा साधारणतः १/५० सेकंद मानतात. म्हणजे पत्र्याच्या छपराखाली किंवा मंदिराच्या ओवरीत फ्लॅश न पेटवता चित्र मिळेल की नाही, हे या फरकावर ठरू शकते.

मोठ्या छिद्राबरोबर प्रतिमेतील दोषही वाढतात. ते दुरुस्त करण्यासाठी भिंगे वाढवावीत तर लेन्स फुगते. आटोपशीर आकार आणि उच्च गुणवत्ता यांतील हा मूलभूत ताण आहे. अधिक वक्रीभवनांकाच्या काचा आणि परावर्तन रोखणारे लेप यांमुळे तो सैल होत गेला. पेटर कार्बे यांनी रचलेल्या २०१२ च्या 'अ‍ॅपो-सुमिक्रॉन' लेन्समध्ये आठ भिंगे आहेत. तरीही पुढचा फिल्टर ३९ मि.मी. एवढाच लागतो. 'अ‍ॅपो' म्हणजे प्रकाशातील तीन रंग एकाच प्रतलावर आणण्याची दुरुस्ती. अशा लेन्सची किंमत लाखांच्या घरात जाते, ही तिची मर्यादा होय.

४.५ अंतराचा अर्थ

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम लायका आणि ५० मि.मी. लेन्सवर केले. फ्लॅश वापरणे ते टाळत. १९४७ मध्ये ते भारतात आले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात त्यांनी गांधीजींची भेट घेतली आणि त्याच सायंकाळी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरची त्यांची छायाचित्रे शोकाकुल जनसमुदायाच्या आत शिरून घेतलेली आहेत. ती शोकाकडे लांबून पाहत नाहीत.

याच काळात मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला दिल्लीत वृत्तछायाचित्रे घेत होत्या. त्यांचे कॅमेरे वेगळे होते : स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स. यावरून दिसते की चांगले वृत्तछायाचित्र एकाच यंत्राची मक्तेदारी नसते. मुंबईतील सफाई कामगारांचे जीवन दीर्घकाळ टिपणारे, अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांच्या कामातही हेच दिसते. ज्यांच्याकडे शहर पाहत नाही, त्यांच्याजवळ जाऊन उभे राहणे, हा तेथील पहिला निर्णय आहे.

मराठवाड्यात दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या यांची वृत्ते वारंवार द्यावी लागतात. शोकग्रस्त घराच्या अंगणात दूरचित्र लेन्स रोखणे सोपे असते. तीन मीटरवर जायचे तर मात्र प्रथम नमस्कार करावा लागतो, परवानगी घ्यावी लागते आणि नकार मिळाला तर कॅमेरा खाली ठेवावा लागतो. प्रमाण लेन्स छायाचित्रकाराला सभ्य बनवत नाही. ती त्याला उत्तरदायी होण्याच्या अंतरावर आणून उभे करते.

४.६ मर्यादा

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात दर्शक आणि लेन्स वेगळ्या ठिकाणी असल्याने जवळच्या विषयात चौकट किंचित सरकते. जुन्या लेन्स साधारणतः एक मीटरपेक्षा जवळचे नाभीयन करीत नाहीत. खेळ, वन्यजीव किंवा पोलिसांनी अडवलेला परिसर येथे दूरचित्र लेन्सच योग्य ठरते. पूर किंवा दंगल अशा प्रसंगी दूर राहणे हा सुरक्षिततेचाही प्रश्न असतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ५० मि.मी. लेन्सने दोन मीटरवर किती रुंद भाग आडव्या चौकटीत मावेल?
२. रेंजफाइंडर कॅमेऱ्याची लेन्स लांब असल्यास कोणती अडचण येते?

४.७ सारांश

चौकटीच्या कर्णाजवळचे नाभीय अंतर असलेली लेन्स म्हणजे प्रमाण लेन्स. आरशाचा अभाव आणि स्वतंत्र दर्शक यांमुळे रेंजफाइंडर कॅमेऱ्यात ती लहान ठेवणे शक्य व आवश्यक झाले. एल्मार, सुमिक्रॉन आणि अ‍ॅपो-सुमिक्रॉन हे आकार न वाढवता गुणवत्ता वाढवण्याचे टप्पे आहेत. या लेन्सचे खरे मोल ती छायाचित्रकार आणि व्यक्ती यांच्यात जे अंतर ठरवते, त्यात आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. १.४४ मीटर.
२. ती दर्शकाच्या खिडकीसमोर येऊन दृश्याचा काही भाग झाकते.

४.८ क्षेत्रीय कार्य

यासाठी महाग कॅमेऱ्याची गरज नाही. बहुतेक मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यात '२×' निवडल्यास ५० मि.मी. लेन्सच्या जवळपासची व्याप्ती मिळते. आपल्या गावच्या बाजारात किंवा रेल्वे स्थानकावर एका व्यक्तीची परवानगी घेऊन तीन मीटरवरून छायाचित्र घ्या. नंतर मोबाईलवरील झूम वाढवून तीच व्यक्ती तेवढ्याच आकारात बारा मीटरवरून टिपा. दोन्ही चित्रे त्या व्यक्तीस दाखवा. त्यांतील कोणते चित्र आपले वाटते, असे तिला विचारा आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत नोंदवून सुमारे २०० शब्दांचे टिपण लिहा.