कोथिंबिरीचे पोषणमूल्य व काढणीनंतर ताजेपणा टिकविण्याच्या पद्धती



हिंगोली जिल्ह्याची ओळख हळद व सोयाबीन यांची असली, तरी पुसेगावसारख्या गावात विहिरीला पाणी असेल तर वाफाभर कोथिंबीर होतेच. उन्हाळ्यात तिला भाव चांगला मिळतो. पण त्याच दिवसांत सकाळी उपटलेली जुडी दुपारपर्यंत मान टाकते. पिकविलेला माल असा हातचा जाऊ नये, यासाठी काढणीनंतरची काळजी महत्त्वाची आहे.

पोषणमूल्य

शहरात महाग विकली जाणारी सेलरी ही कोथिंबिरीच्याच कुळातील भाजी. सेलरीच्या देठांत सुमारे ९५ टक्के पाणी असते व १०० ग्रॅममध्ये सुमारे ४० मि.ग्रॅ. कॅल्शियम मिळते. तेवढ्याच कोथिंबिरीच्या पानांत सुमारे १५० ते १८५ मि.ग्रॅ. कॅल्शियम व तीन ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. शिवाय कॅरोटीन भरपूर असते. त्यापासून शरीरात 'अ' जीवनसत्त्व तयार होते. मात्र भाजीवर चिमूटभर भुरभुरून हा लाभ मिळत नाही. त्यासाठी चटणी, वडी किंवा पराठ्यात मूठभर वापरावी. पाने सुकली की वजनाबरोबर 'क' जीवनसत्त्वही घटते.

काढणी व हाताळणी

१) काढणी पहाटे किंवा सायंकाळी उन्हे उतरल्यावर करावी.

२) जुड्या लगेच सावलीत न्याव्यात. पिवळी, सडकी पाने काढावीत.

३) मुळांची माती स्वच्छ पाण्याने धुवावी व पाणी पूर्ण निथळू द्यावे. ओली पाने दाबून भरल्यास सडतात.

४) ढीग करू नये. ढिगात उष्णता साठून आतील पाने पिवळी पडतात. जाळीच्या क्रेटमध्ये मुळे खाली ठेवून जुड्या उभ्या भराव्यात व वर ओलसर गोणपाट टाकावे.

५) पिकलेली केळी, आंबे, टोमॅटो जवळ ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पाने लवकर पिवळी होतात.

शून्य ऊर्जा शीतकक्ष

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने विकसित केलेला हा कक्ष विजेविना चालतो. सावलीत, हवेशीर जागी विटांचा एक थर अंथरून त्यावर दुहेरी भिंत सुमारे ६७ सें.मी. उंच रचावी. दोन भिंतींमधील साडेसात सें.मी. पोकळीत नदीची वाळू भरावी. बांबू व गवताचे झाकण करावे. वाळू, विटा व झाकण यांवर सकाळ-सायंकाळ पाणी शिंपडावे. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. कोरड्या उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश सेल्सिअसने कमी राहू शकते व हवेत ओलावा टिकतो. पावसाळ्यात हवा दमट असल्याने फायदा कमी होतो.

घरगुती साठवण

फ्रीज असल्यास कोरडी, न चिरलेली कोथिंबीर सुती कापडात गुंडाळून छिद्रांच्या पिशवीत ठेवावी. फ्रीज नसल्यास जुडीची मुळे पाण्याच्या तांब्यात बुडवून सावलीत ठेवावीत व पाणी रोज बदलावे.

सायंकाळी काढलेली कोथिंबीर रात्रभर शीतकक्षात ठेवून पहाटे बाजारात न्यावी. विटा, वाळू व दोन वेळचे पाणी एवढ्यात हे साधते.