गोळी बंद करण्याआधी

चि. अनघा,



कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणारा रुग्ण मांड्या भरून येतात, पोटऱ्या दुखतात म्हणाला, तर गोळी थांबवायची की चालू ठेवायची, असं तू विचारलं आहेस. माझं मत असं, की त्याचं दुखणं पूर्ण खरं मानावं, पण ते गोळीमुळेच आहे हे तपासल्याशिवाय मानू नये. या दोन गोष्टींची गल्लत झाली की नुकसान रुग्णाचंच होतं. काही डॉक्टर तक्रार झटकून टाकतात, मग रुग्ण त्यांना न सांगता गोळी सोडतो. काही डॉक्टर लगेच गोळी बंद करतात आणि ज्याला एकदा हार्ट अटॅक येऊन गेला आहे त्याचं संरक्षण काढून घेतात. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ३९ मिलिग्रॅमने खाली आलं की हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे एक-पंचमांशाने कमी होतात. एवढा फायदा सोडायचा तर त्याला तसंच भक्कम कारण हवं.

पुरावा काय सांगतो ते बघ. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १९ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यांत जवळपास १,२४,००० माणसं होती. निम्म्यांना स्टॅटिन मिळत होतं आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरलाही. स्नायू दुखण्याची किंवा अशक्तपणाची तक्रार स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के जणांनी केली, पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के जणांनी. फरक होता, पण तो मुख्यतः पहिल्या वर्षातला: हजार माणसांमागे सुमारे अकरा जादा तक्रारी. नेहमीच्या डोसवर त्या पहिल्या वर्षातल्या पंधरा तक्रारींपैकी साधारण एकच औषधामुळे होती. म्हणजे स्टॅटिनने स्नायू दुखतात हे खरं आहे. पण पन्नाशी-साठीतल्या माणसाचे स्नायू गोळीशिवायही दुखतात, आणि त्या दुखण्याचं खापर घरात नव्याने आलेल्या गोळीवर सहज फुटतं.

यावर तू म्हणशील, अशा चाचण्यांत ज्यांना औषध सोसत नाही अशी माणसं सुरुवातीलाच गळतात, मग निष्कर्ष गोड निघणारच. काही चाचण्यांच्या बाबतीत हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला 'सॅमसन' हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्यात ज्यांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडलं होतं अशीच साठ माणसं घेतली होती. वर्षभरात प्रत्येकाने चार महिने स्टॅटिन, चार महिने पोकळ गोळी घ्यायची होती आणि चार महिने काहीच घ्यायचं नव्हतं. महिन्यांचा क्रम सरमिसळ होता. त्रासाची नोंद रोज शंभरपैकी गुण देऊन करायची होती. काहीच न घेण्याच्या महिन्यांत सरासरी ८ गुण, पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३ गुण. गोळी घेतल्यावर त्रास जवळजवळ दुप्पट होत होता, पण त्यातला नव्वद टक्के भाग पोकळ गोळीनेही होत होता. स्वतःच्या नोंदी पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्या माणसांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. या प्रयोगाचा पैसा औषध कंपनीचा नव्हता, ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा होता. प्रयोगाला मर्यादा आहे: गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्रास झालेलेच लोक त्यात होते. काही महिन्यांनी उद्भवणाऱ्या दुखण्याचा निकाल त्यावरून लावू नकोस.

आणि रुग्णाला 'हे तुमच्या मनाचं आहे' असं तर कधीच म्हणू नकोस. भीतीने वाढलेली वेदनाही स्नायूतच जाणवते, तिच्यामुळेही जिना चढवत नाही. त्याऐवजी त्याच्याबरोबर तपास कर. दुखणं दोन्ही बाजूंना सारखं आहे का, मांड्या-नितंबांसारख्या मोठ्या स्नायूंत आहे का, गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत सुरू झालं का, हे विचार. गुडघा किंवा कंबर दुखत असेल तर कारण बहुधा दुसरीकडे आहे. थायरॉइड तपास, ते मंदावलं असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात. स्नायूंच्या इजेसाठी सीपीके ही रक्तचाचणी कर, पण जोरदार व्यायामानंतर लगेच नको. आपल्याकडे विशेष लक्ष द्यायचं ते इतर औषधांवर. नायट्यासाठी इट्राकोनॅझोल सर्रास दिलं जातं, रुग्ण ते दुकानातून परस्परही घेतात. त्याने सिमव्हास्टॅटिनचं आणि अटॉर्व्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. क्लॅरिथ्रोमायसिननेही तेच होतं. रोझुव्हास्टॅटिनचं प्रमाण आशियाई वंशाच्या माणसांच्या रक्तात गोऱ्या लोकांच्या सुमारे दुप्पट आढळलं आहे. म्हणून अमेरिकेतल्या औषधपत्रकात अशा रुग्णांसाठी ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात सुचवली आहे. आपण अनेकदा थेट २० लिहितो.

एवढ्यानेही शंका उरली तर गोळी दोन ते चार आठवडे थांबव, आणि पुन्हा कधी सुरू करायची ती तारीख त्याच दिवशी कागदावर लिहून दे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नुसतं 'थांबवून बघा' म्हटलं की गोळी कायमची सुटते. दुखणं गेलं तर कमी डोस किंवा दुसरं स्टॅटिन देऊन बघ. पुन्हा तसंच दुखलं तर ते औषधामुळेच असण्याची शक्यता मोठी. मग अगदी लहान डोसला एझेटिमाइबची जोड दे, तेही जमलं नाही तर बेम्पेडोइक ॲसिड आहे. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे चौदा हजार रुग्णांवरच्या चाचणीत त्याने हृदयविकाराच्या घटना १३ टक्क्यांनी कमी केल्याचं २०२३ मध्ये दिसलं. कोएन्झाइम क्यू-टेनवर मात्र रुग्णाचे पैसे घालवू नकोस, त्याचा पुरावा पक्का नाही.

आता जिथे अजिबात थांबायचं नाही ते. सेरिव्हास्टॅटिन हे स्टॅटिन २००१ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं, कारण स्नायू विरघळून मूत्रपिंड निकामी झाल्याने माणसं दगावली होती. जेमफायब्रोझिल या रक्तातली चरबी कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने धोका आणखी वाढत होता. आजच्या स्टॅटिनांत हे फार विरळ आहे, पण होतं. कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी, तीव्र दुखणं, सीपीके कमाल मर्यादेच्या दहापट: गोळी त्याच क्षणी बंद, आणि मूत्रपिंडाची तपासणी त्याच दिवशी. गोळी बंद करूनही काही आठवडे खुर्चीतून उठवत नसेल, हात वर नेता येत नसेल, सीपीके उतरत नसेल, तर शरीराची प्रतिकारशक्ती स्नायूंवर उलटली असण्याची शक्यता असते. त्यासाठी एचएमजीसीआर-विरोधी प्रतिपिंडांची चाचणी आहे. अशा रुग्णाला स्टॅटिन पुन्हा देऊन बघायचं नाही, तातडीने न्यूरोलॉजिस्टकडे पाठवायचं.

तुझे,
सर