साठीनंतर पेटी शिकावी काय?

‘‘डॉक्टर, या वयात बोटं वळतील का हो?’’ हा प्रश्न साठी ओलांडलेले रुग्ण मला अधूनमधून विचारतात. कुणी कारखान्यातून निवृत्त झालेले असतात, कुणी शाळेतून. शेती मुलांकडे सोपवलेली असते. घरात नातवाचा अडगळीत पडलेला कॅसिओ असतो, नाहीतर भजनी मंडळाची पेटी देवळात असते. मनात इच्छा असते, पण ‘लोक हसतील’ या भीतीने ती तिथेच राहते. म्हणून आजच्या लेखात या प्रश्नाचा वैद्यकीय अंगाने विचार करू.

विलायतेत साठीनंतर पियानो शिकणारे पुष्कळ आहेत. आपल्या बारामती-इंदापूर भागात पियानो क्वचितच दिसतो, पण त्याची धाकटी बहीण गावोगावी आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर दबें यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता मारायची पेटी होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता मारायची पेटी तयार केली आणि मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांची सोय झाली. संगीत नाटकांनी आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी तिला महाराष्ट्रात मानाचे स्थान दिले. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी होती. तरी देवळातले भजन पेटीवाचून कधी अडले नाही! पियानो, पेटी आणि कॅसिओ यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी एकच आहे. त्यामुळे पुढील सूचना तिन्हींना लागू पडतात.

मेंदूचे काय?

म्हातारपणी मेंदू शिकत नाही, हा समज चुकीचा आहे. शिकण्याचा वेग मंदावतो एवढेच. लहान मूल जे आठ दिवसांत उचलते, त्याला आपल्याला महिना लागेल. पण मेंदूतील पेशींचे नवे जोड तयार होण्याची क्रिया वयानुसार बंद पडत नाही. पेटी वाजवताना डावा हात भाता चालवतो, उजव्या हाताची बोटे पट्ट्यांवर फिरतात, कान सूर तपासतात आणि मन ताल धरते. इतकी कामे एकाच वेळी करून घेणारा व्यायाम दुसरा क्वचितच सापडेल.

२००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. २००७ मध्ये अमेरिकेतच ६० ते ८५ वयोगटातील ३१ व्यक्तींवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी काहींना सहा महिने पियानो शिकवल्यावर एकाग्रता व कामाचा वेग मोजणाऱ्या चाचण्यांत त्यांची प्रगती दिसली. मात्र यावरून ‘पेटी वाजवली की विस्मरण होत नाही’ असा अर्थ कृपया काढू नका. ज्यांचा मेंदू मुळात चांगला आहे तेच अशा छंदांकडे वळत असतील, हीसुद्धा शक्यता आहे. पेटी म्हणजे औषध नव्हे. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी तिच्यामुळे सुटणार नाही.

एक उदाहरण

माझ्याकडे येणाऱ्या एक काकू आहेत, वय ६३. चौदा वर्षांपासून मधुमेह. लहानपणी भाऊ पेटी शिकायचा आणि या दाराआड उभ्या राहून ऐकायच्या, कारण मुलीने पेटीला हात लावायची त्यांच्या घरी पद्धत नव्हती. पुढे लग्न, शेतीवाडी, सासूबाईंचे दीर्घ आजारपण. यजमान गेल्यानंतर त्यांचे जेवण तुटले, झोप गेली. ‘‘नावं आठवत नाहीत, मला वेड लागतंय,’’ असे त्या रडत म्हणाल्या.

अशा वेळी ‘वयच झालं’ म्हणून सोडून देणे धोक्याचे असते. थायरॉईडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मनाचा उदासीनपणा या तिन्हींमुळे विस्मरण झाल्यासारखे वाटते आणि तिन्हींवर उपचार आहेत. काकूंचे बी-१२ कमी निघाले आणि मनही खचलेले होते. दोन्हींवर औषध सुरू केले. तीन महिन्यांनी झोप सुधारली, पण दुपार खायला उठते अशी त्यांची तक्रार होती. मग त्यांनीच पेटीचा विषय काढला. मुलगा म्हणाला, ‘‘आई, आता कशाला?’’ मी त्याला सांगितले, ‘‘बाबा रे, तिला देवळात घेऊन जा. एवढंच कर.’’

आज वर्ष झाले. काकू द्रुत लयीत वाजवू शकत नाहीत, अनामिकेत थोडा ताठरपणा आहे आणि पलटे अजून चुकतात. पण एकादशीच्या भजनात दोन चाली त्या न अडखळता धरतात. यात गोळीचा वाटा किती, पेटीचा किती आणि भजनाला जमणाऱ्या बायकांचा किती, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही. एकटेपणा आणि न सुधारलेला बहिरेपणा यांना तज्ज्ञ आज स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरतात, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

सुरुवात करण्यापूर्वी

१) हात : दोन्ही हात नमस्कारासारखे जोडून पाहा. बोटे आणि तळवे एकमेकांना पूर्ण टेकत नसतील, तर सांधे आखडले आहेत असे समजावे. जुन्या मधुमेहात हे आढळते. बोट वाकवल्यावर अडकून खटकन सुटत असेल, किंवा रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. या दोन्हींवर उपचार आहेत. अंगावर काढू नका.

२) खांदा : भाता मारणाऱ्या हाताचा खांदा आखडलेला असेल तर पेटीऐवजी कॅसिओ घ्यावा. त्याला भाता नाही. अर्धांगवायूनंतर एक हात अशक्त झालेल्यांनाही तो सोयीचा. मात्र फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरुवात करावी.

३) गुडघे व कंबर : मांडी घालून बसणे हा काही नियम नाही. गुडघेदुखी असेल तर पेटी टेबलावर ठेवून खुर्चीवर बसा. कोपर साधारण पट्ट्यांच्या उंचीला यावे आणि पाठीला टेका असावा.

४) डोळे : वहीतले सारेगम वाचताना मान वाकडी होत असेल, तर चष्म्याचा नंबर तपासा. तोपर्यंत अक्षरे मोठी लिहून घ्या.

५) कान : वयोमानाने आधी उंच आवाज कमी ऐकू येतात, म्हणून बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘ट’ निसटतात. मधल्या सप्तकाचे सूर सेकंदाला साधारण अडीचशे ते पाचशे कंपनांचे असतात. ते बहुतेकांना व्यवस्थित ऐकू येतात. ऐकण्याचे यंत्र लावून सूर विचित्र वाटले तर घाबरू नका. बरीच यंत्रे बोलण्यासाठी जुळवलेली असतात. ती संगीतासाठीही जुळवून देता येतात का, हे तंत्रज्ञाला विचारा.

रियाज कसा करावा?

सलग तासभर बसण्यापेक्षा सकाळी पंधरा आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे बसणे चांगले. आधी हात कोमट पाण्यात पाच मिनिटे धरून बोटे हलकेच उघडझाप करा. मधुमेह्यांना चटका लवकर कळत नाही, म्हणून पाणी दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. पहिले पंधरा दिवस फक्त सारेगम आणि साधे अलंकार, तेही संथ. पट्टी दाबायला जोर लागत नाही. खांदे उचलले जात असतील किंवा दात आवळले जात असतील, तर आपण उगाच ताण घेत आहोत असे समजा. बोट दुखले की थांबायचे. दुसऱ्या दिवशीही दुखत राहिले, तर वेळ निम्म्यावर आणायची. रात्रीची झोप मोडू नका, कारण दिवसा शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतही करत असतो.

पुस्तकावरून किंवा मोबाईलवरून शिकता येते, पण माणसाकडून शिकणे अधिक बरे. निदान त्या निमित्ताने घराबाहेर पाऊल पडते. गावातील पेटीवाल्या बुवांना किंवा संगीत शिक्षकांना भेटा. ते वयाने लहान असले तरी गुरुजी म्हणायला लाजू नका. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका वगैरे परीक्षा आहेत. हौस असेल तर जरूर द्या, पण घाई नको.

घरातील मंडळींनाही दोन शब्द. आजी-आजोबा तीच ती ओळ चाळीस वेळा वाजवतील, त्यांना हसू नका. तुम्ही पाढे म्हणत होता तेव्हा त्यांनीही ते चाळीस वेळा ऐकले आहेत. त्यांची पेटी माळ्यावरून खाली काढून द्या, भात्याला भोक पडले असेल तर दुरुस्त करून आणा आणि संध्याकाळची पंधरा मिनिटे टीव्हीचा आवाज कमी ठेवा. एवढे केले तरी पुष्कळ झाले.