आधी स्टेज विचार

रिपोर्ट वाचला. दोन्ही खुब्यांत एव्हीएन आहे, म्हणजे रक्त न पोचल्याने हाड मेलंय, डावीकडे जास्त. "हाड मेलं म्हणजे आता सगळं संपलं का गं ताई?" असं विचारलंस. नाही, बरंच शिल्लक आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या नसा बारीक असतात, त्या अडल्या तर दुसरी वाट जवळजवळ नसते. ल्यूपससाठी तू इतकी वर्षं स्टेरॉइड घेतेस, त्यात हा पुरवठा बिघडू शकतो. दारूने बिघडतो, खुबा निखळला तरी बिघडतो, आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या तरुण पोरांनाही हेच होतं. तेव्हा कुणाची दृष्ट लागली वगैरे डोक्यातून काढ. आणि घाबरून स्टेरॉइड मनाने बंद करू नकोस. ते एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. डोस कमी करता येईल का, हे ल्यूपसच्या डॉक्टरांनाच विचार.

आता तू पाठवलेल्या त्या जाहिरातीबद्दल. "टाका नाही, चिरफाड नाही, सांधा बदलायची गरज नाही." अगं, खुबा वाचेल की नाही हे छिद्र किती छोटं आहे त्यावर ठरत नाही. गोळा अजून गोल आहे की खचलाय, यावर ठरतं. डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचार: स्टेज कुठली? पहिल्या-दुसऱ्या स्टेजला गोळ्याचा आकार शाबूत असतो. पुढे कूर्चेखालचं हाड तडकतं आणि एक्स-रेवर चंद्रकोरीसारखी रेघ दिसते. तिथून पुढे छोट्या उपायांचा भरवसा झपाट्याने घटतो. दुसरा प्रश्न, डाग केवढा आहे आणि वजन पडतं त्या भागात आहे का? लहान डाग असेल तर निकाल चांगले, मोठा असेल तर स्टेज लवकरची असूनही गोळा खचू शकतो. तुझ्या रिपोर्टमध्ये 'कोलॅप्स नाही' असं लिहिलंय, म्हणून तर मी घाई करतेय.

या टप्प्यावर जे करतात ते कोअर डिकम्प्रेशन. कमरेखाली भूल देतात, मांडीच्या बाहेरच्या बाजूला छोटासा छेद घेतात, आणि सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत हाडातून गोळ्याच्या मेलेल्या भागापर्यंत ड्रिल नेतात. काही सर्जन एक जाड बोगदा करतात, काही दोन-तीन बारीक. आत कोंडलेला दाब उतरतो, दुखणं कमी होतं आणि त्या वाटेने नव्या रक्तवाहिन्या शिरायला वाव मिळतो. बऱ्याच ठिकाणी कमरेच्या हाडातून मगज काढून, यंत्रात फिरवून घट्ट करतात आणि त्याच बोगद्यातून आत सोडतात. फ्रान्सच्या फिलिप हर्निगू यांनी हे तंत्र पुढे आणलं. मगजाने फायदा दिसतो, पण सगळ्या अभ्यासांत सारखा नाही. म्हणून 'स्टेम सेल' म्हणत कुणी लाखांचं पॅकेज पुढे केलं तर सही करण्याआधी मला फोन कर. मेलेला, खचलेला गोळा कुठल्याही सुईने पुन्हा गोल होत नाही.

औषधाच्या गोळ्यांचंही सांगते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला यांनी अ‍ॅलेन्ड्रोनेट या हाडाची झीज रोखणाऱ्या गोळीवर वर्षानुवर्षं काम केलंय. कोविडनंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांबद्दल २०२१ मध्ये लिहिणारेही तेच. पण तैवानमध्ये २००५ च्या चाचणीत या गोळीने गोळा खचणं टळताना दिसलं, आणि तिथल्याच २०१२ च्या मोठ्या चाचणीत साध्या खोट्या गोळीपेक्षा फारसा फरक दिसला नाही. त्यामुळे एक डॉक्टर देतील, दुसरे देणार नाहीत. दोघांपैकी कुणी फसवतंय असं समजू नकोस. तुझ्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. तुमचा बाळाचा विचार आहे ना? मग लाजू नकोस, गोळी लिहून द्यायच्या आधीच बोल. दात काढायचा असेल तर तोही आधी काढून घे.

छेद छोटा म्हणून आराम छोटा नसतो, हे मात्र घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेव. हाडात भोक पाडलंय, ते भरेपर्यंत तिथे हाड मोडण्याची भीती असते. साधारण सहा आठवडे कुबड्या, आणि त्या पायावर किती भार द्यायचा ते सर्जन सांगतील तेवढाच. दिसायला टाके सुकलेले, दुखणंही कमी, मग चौथ्या आठवड्यात कुणीतरी म्हणणारच, "आता काय झालंय हिला?" आणि तू उठून धुणं वाळत घालायला जाशील. मी तुला ओळखते. खाली मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. तेलमालीश हवी तर कर, बरं वाटेल, पण त्यावर सहा महिने घालवू नकोस. आणि 'हाडाच्या' नावाच्या बिनलेबलच्या पुड्या तर अजिबात नकोत. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत.

इतकं करूनही गोळा खचला तर सांधा बदलता येतो, आणि हल्लीचे सांधे वीस-वीस वर्षं टिकतात. पण तू एकतीस वर्षांची आहेस, तो दिवस जितका लांबेल तितका बरा.

सासूबाईंशी मी बोलते, त्या माझं ऐकतात. तू फक्त अपॉइंटमेंट घे, आणि जाताना एमआरआयची सीडी ने, नुसता कागद नको. उजव्या खुब्याचंही विचार. तो दुखत नाही म्हणून त्याचं काय करायचं हा विषय कुणी आपणहून काढणार नाही.