भेस्तानचा किल्ला आणि चोवीस कामट्यांचा कंदील

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने अंकात लिहायचे म्हणजे 'बेकारी : एक समस्या' किंवा 'वस्तू व सेवा कराचे फायदे-तोटे' असाच विषय घ्यावा, असा जणू दंडक पडला आहे. मी मात्र या वेळी आकाशकंदील आणि मातीचा किल्ला यांवर लिहिणार आहे. हिशेब यातही आहे, तो शेवटी येईल. त्याआधी हे दोन्ही कसे करावे तेही सांगते, कारण करताना माझ्या ज्या चुका झाल्या त्या इतरांच्या होऊ नयेत.

माझे मामा मूळचे बेळगावच्या वडगावचे. वडगाव, खासबाग, शहापूर हा आपल्याकडचा मागवाल्यांचा भाग. तिकडचे काम कमी झाले तेव्हा मामा सुरतेला गेले. आज ते भेस्तानमध्ये राहतात. मुंबईहून सुरतेकडे जाताना सचिन स्टेशन गेले की भेस्तान, पुढे उधना आणि मग सुरत. जवळच पांडेसराची औद्योगिक वसाहत आहे. मामांच्या चाळीवजा इमारतीत खाली खानदेशातले एक कुटुंब, शेजारी ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले एक, वर उत्तर प्रदेशातले भाऊ-भाऊ, आणि सगळ्यांचे घरमालक सुरती काका. दरवर्षी मामा दिवाळीला बेळगावला येत. गेल्या वर्षी चार माणसांच्या जाण्यायेण्याचे भाडे जमेना, म्हणून ते आले नाहीत, आणि आईने फराळाच्या डब्यांसह मलाच तिकडे पाठवले.

मामांची धाकटी मुलगी सात वर्षांची. बेळगावात गल्लोगल्ली किल्ले होतात हे तिने ऐकले होते, पण गेल्या खेपेची आठवण तिला नव्हती. मी पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच तिने विचारले, "ताई, किल्ला आणलास?" जणू तो चकलीबरोबर डब्यात भरून येतो!

पहिल्या संध्याकाळी आम्ही कंदील धरला. कन्नड विभागाचे वाचक याला आकाशबुट्टी म्हणतात आणि किनाऱ्याकडे गूडुदीप म्हणतात. मला स्वतःला बुट्टी हा शब्द आवडतो, कारण कंदिलाचा सांगाडा खरोखर बुट्टीसारखाच विणावा लागतो. बांबूवाल्याकडून एक बांबू चिरून घेतला आणि घरी त्याच्या कामट्या तासल्या. कामटी पेन्सिलीहून बारीक असावी आणि तिच्या कडा काचेने किंवा जुन्या पात्याने घासून घ्याव्यात, नाहीतर कुसळे बोटात जातात आणि पुढे कागदही फाटतो.

प्रत्येकी दहा इंचांच्या चोवीस कामट्या लागतात. चार कामट्यांचा एक चौकोन, असे सहा चौकोन. टोकाला अर्धा इंच सोडून गाठ मारायची, म्हणजे गाठीपासून गाठीपर्यंत नऊ इंच राहतात. आता सहापैकी चार चौकोन शंकरपाळ्यासारखे कोनावर उभे धरायचे आणि त्यांचे आडवे कोपरे एकमेकांना बांधून कडे करायचे. या कड्याला वर चार टोके येतात आणि खाली चार. पाचव्या चौकोनाचे चार कोपरे वरच्या टोकांना बांधायचे, सहाव्याचे खालच्या टोकांना. झाला सांगाडा. मोजून पाहा. चौकोनांच्या चोवीस गाठी आणि जोडणीच्या बारा, मिळून छत्तीस. बाहेरून सहा चौकोन आणि आठ त्रिकोण दिसले पाहिजेत. त्रिकोणांना वेगळ्या कामट्या लागत नाहीत, ते आपोआप तयार होतात, ही यातली गंमत आहे.

सांगायला सोपे आहे. माझा कंदील मात्र तयार झाला आणि हात लावताच एका अंगावर बसला. सरळ केला, तर दुसऱ्या अंगावर बसला. धाकटी हसली आणि माझा मामेभाऊ म्हणाला, "विकतचा दीडशेला सुद्धा मिळतो."

मामा तेव्हा झोपले होते. सुट्टीचे पहिले दोन दिवस त्यांनी झोपच काढली. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची आणि एक रात्रीची. मुले शाळेत जातात तेव्हा बाप झोपलेला आणि बाप निघतो तेव्हा मुले झोपलेली, असे कित्येक दिवस जातात. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ते उठले, चहाचा कप हातात घेऊन दारात उभे राहिले आणि त्या वाकड्या सांगाड्याकडे बघून म्हणाले, "काय करूलीस गं हे?"

मग ते खाली बसले, आणि कंदील माझा राहिला नाही.

त्यांनी दोन चुका दाखवल्या. पहिली गाठीची. आम्ही मागावरचा टाकाऊ धागा वापरला होता. भेस्तानात तो फुकट मिळतो, पण पॉलिएस्टरचा धागा निसरडा असतो आणि साधी गाठ हळूहळू सुटते. मामांची रीत अशी : दोन कामट्यांवर आधी फुलीसारखे तीन वेढे, मग दोन्ही कामट्यांच्या मधून, त्या वेढ्यांनाच आवळत, दोन वेढे, आणि शेवटी गाठ. मधले वेढे घातले की आधीचे घट्ट बसतात. मला एका संध्याकाळी जेवढ्या गाठी जमल्या तेवढ्या त्यांनी चहा निवायच्या आत उलगडल्या आणि पुन्हा मारल्या. आयुष्यभर तुटलेला धागा जोडणारी ती बोटे!

दुसरी चूक आकाराची. चार काड्यांचा चौकोन लुळा असतो. कोपरे कितीही आवळा, तो कलंडून तिरपा होतोच. तीन काड्यांचा त्रिकोण तसा होत नाही. म्हणून प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन धागे फुलीसारखे ताणून बांधायचे. नऊ इंचांच्या चौकोनात हा धागा पावणेतेरा इंच भरला पाहिजे, आणि दोन्ही धागे सारखे. धागे सारखे झाले की चौकोन काटकोनात आलाच म्हणून समजा. मामांनी शाळा सातवीत सोडली. कर्णाची लांबी मी कागदावर आकडेमोड करून काढली, त्यांनी ती बोटाने दोरा ओढून बघून सांगितली. फरक पाव इंचाचासुद्धा निघाला नाही.

कागद पतंगाचा घ्यावा. सुरतेत संक्रांतीच्या पतंगांचे वेड एवढे की हा कागद दिवाळीतही हमखास मिळतो. गव्हाच्या पिठाची पातळ खळ करून चार शंकरपाळ्यांना एक रंग आणि आठ त्रिकोणांना दुसरा रंग लावावा. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, म्हणजे दिव्याची ऊब बाहेर जाते. कागद आधी त्रिकोणांना लावावा, चौकोनांना नंतर, म्हणजे घड्या झाकल्या जातात. झिरमिळ्यांसाठी आम्ही रंगीत धाग्याच्या लडी कापल्या. वाऱ्यावर त्या कागदापेक्षा सुंदर हलतात. मात्र एक सावधगिरी हवी. पॉलिएस्टर पेटण्याआधी वितळते आणि वितळलेला थेंब अंगावर पडला तर चिकटून भाजतो. त्यामुळे आत पणती मुळीच ठेवू नये आणि जुना साठ वॅटचा तापणारा बल्बही नको. सात वॅटचा एलईडी पुरतो.

कंदील गॅलरीत टांगला तेव्हा शेजारच्या ओडिया आजी बाहेर आल्या. त्यांच्याकडे दिवाळीच्या संध्याकाळी तागाच्या काड्या पेटवून पूर्वजांना उजेड दाखवतात. आपल्याकडेही कार्तिकात उंच टांगायच्या आकाशदिव्यामागे पितरांना वाट दिसावी हीच जुनी समजूत आहे. इतक्या लांबच्या दोन मुलखांत एकच कल्पना निघावी याचे मला नवल वाटले. आजींना मराठी येत नाही, मला ओडिया येत नाही. दोघींनी हातवारे करून एवढे बोलणे केले.

आता किल्ला. त्याला जागा हवी आणि जागा म्हणजे गच्ची. घरमालक काकांना दोन शंका होत्या. एक, गच्ची गळेल. ती आम्ही सुताच्या खोक्यांचे जाड प्लॅस्टिक दुहेरी अंथरून मिटवली. दुसरी शंका त्यांनी हसत विचारली, पण विचारली खरी : "किल्लो कोनो? शिवाजी महाराजनो? सुरतमां?"

प्रश्न बरोबर होता. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०, अशा दोनदा महाराजांनी सुरत लुटली. शाळेत आम्ही हा धडा अभिमानाने पाठ केला. ज्यांचे गाव लुटले गेले त्यांच्या गच्चीवर उभे राहून तो म्हणून दाखवण्याची वेळ तेव्हा आली नव्हती. मी गप्प बसले. उत्तर दिले खालच्या खानदेशी मुलाने. तो म्हणाला, "साल्हेर करू या. तो ना सुरतेचा, ना बेळगावचा. आमच्या गावाकडचा आहे."

साल्हेर बागलाणात, गुजरातच्या डांग जिल्ह्याच्या हद्दीजवळ आहे. उंची १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. दुसऱ्या लुटीनंतर, १६७१ मध्ये, तो मराठ्यांकडे आला आणि १६७२ च्या फेब्रुवारीत त्याच्या पायथ्याशी मोगलांशी उघड्या मैदानात झालेली मोठी लढाई मराठ्यांनी जिंकली. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातही साल्हेर आहे. काकांना एवढे सांगितल्यावर ते म्हणाले, "ठीक छे, पाणी ओछुं वापरजो."

बेळगावची तांबडी माती मळली की मऊ बसते. भेस्तानची माती काळी. रात्री आम्ही डोंगर रचून झोपलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात बघतो तो साल्हेरला बोट जाईल एवढ्या भेगा! काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आक्रसते. उपाय असा : दोन घमेली मातीला एक घमेले वाळू आणि ओंजळभर भाताचा कोंडा. आत सगळी माती भरू नये. विटा रचून वर गोणपाट टाकावे, गोणपाटावर पातळ चिखलाचा हात फिरवावा आणि मग बोटभर जाडीचा थर द्यावा. वजन कमी होते, भेगा पडत नाहीत आणि गच्चीवर भार येत नाही.

बुरुजांसाठी सुताच्या पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या केल्या. प्रत्येक घरातून दहा-वीस निघाल्या. मावळे विकत मिळाले नाहीत, ते त्याच मातीचे केले, हातात झाडूची काडी. (त्यांतला एक उत्तर प्रदेशच्या भावांनी केला, त्याला मिशा जरा जास्तच झाल्या.) हिरवळीसाठी मोहरी नको, ती उतारावरून घरंगळते. हळीव भिजवला की बुळबुळीत होतो, तो बोटाने फासला की कड्यालासुद्धा चिकटतो. तिसऱ्या दिवशी कोंब दिसतात आणि पाचव्या दिवशी डोंगर हिरवा होतो. म्हणजे लक्ष्मीपूजनाला हिरवळ हवी असेल तर वसुबारसेच्या एक-दोन दिवस आधीच पेरावा. आमची हिरवळ भाऊबीजेला उगवली.

आता हिशेब. पाडव्याला गुजराती लोकांचे नवे वर्ष सुरू होते, तेव्हा मीही वही काढली. बांबू ६० रुपये, कागदाचे पाच ताव २५, बल्बचा होल्डर ४०, धागा आणि खळ घरची. एकूण १२५. तसाच कंदील बाजारात २५० ला होता. फायदा १२५, असे मी मामेभावाला ऐटीत दाखवले. पण परिव्यय लेखांकनाच्या पेपरात मजुरी सोडून दिली तर गुण जातात. मामांचे पाच तास लागले होते. त्यांना मीटरवर पैसे मिळतात, त्याची सरासरी तासाला ६० रुपये धरली तर ३०० झाले. म्हणजे कंदील ४२५ ला पडला आणि १७५ रुपये तोटा. मग वाटले, माग तर बंद होते, त्या तासांत मामांना दुसरे काही मिळणार नव्हते, म्हणून पुस्तकाप्रमाणे त्या तासांची किंमत शून्य. म्हणून पुन्हा १२५ लिहिले.

मामी भाकरी थापता थापता ऐकत होती. ती म्हणाली, "माग नऊ दिवस बंद. मीटर नाही तर पैसा नाही. ते कुठे लिहिलंस?" नऊ दिवस, बारा तास, साठ रुपये. ६४८०. मी तो आकडा लिहिला. मामी म्हणाली, "ही दिवाळी साडेसहा हजाराला पडली. कंदील त्यातच आला."

या आकड्याला कुठल्या सदरात घालायचे ते मला समजेना. सुट्टी म्हणजे मोकळा वेळ, असे धरून मी आजवर निबंध लिहीत आले. भेस्तानात ती आधी भरपाई करून विकत घ्यावी लागते, आणि तीसुद्धा मालकाने माग बंद ठेवले तरच. मामांनी वही घेतली, माझे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले आणि एवढेच म्हणाले, "माझे पाच तास खर्चात नको लिहू, पोरी." ती ओळ मी खोडली, बेरीज तशीच ठेवली.

लाभपंचमीनंतर माग सुरू झाले आणि मामांना पहिलीच पाळी रात्रीची लागली. मी निघाले त्या दिवशी किल्ला मोडला. विटा काकांच्या, वाळू काकांची, ती परत केली. पुठ्ठ्याच्या नळ्या गोणीत भरून जिन्याखाली ठेवल्या आहेत. कंदील मात्र उतरवू दिला नाही, धाकटीने हट्ट धरला. परवा मामीचा फोन आला. घरमालक काकांनी निरोप दिला आहे की पुढच्या दिवाळीला गच्ची मिळेल, पण किल्ला त्यांच्या सुरतेचा, तापीकाठचा झाला पाहिजे. तो १५४६ चा आहे, आणि दोन्ही वेळा महाराजांच्या हाती लागला नव्हता, हेही त्यांनी मुद्दाम सांगायला सांगितले. नदीसाठी निळे कापड मामी आतापासून जमवते आहे.